टिक टॅक, रॉस्वेल आणि 'स्मार्ट मटेरियल': उडत्या तबकड्यांचं कोडं यातून सुटतं का?

१४ नोव्हेंबर २००४. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराजवळच्या समुद्रात 'यूएसएस निमिट्झ' या विमानवाहू युद्धनौकेचा सराव सुरू होता. सोबतच्या 'यूएसएस प्रिन्सटन' या युद्धनौकेच्या रडारवर काही दिवसांपासून विचित्र ठिपके दिसत होते. त्या दिवशी सरावासाठी उडालेल्या दोन एफ-१८ विमानांना आदेश मिळाला की, सराव बाजूला ठेवा आणि जरा जाऊन बघा तिथे काय आहे.

कमांडर डेव्हिड फ्रेव्हर तिथे पोहोचले. खाली समुद्रावर त्यांना एक पांढरी, लांबट वस्तू दिसली. टिक टॅक गोळीसारखा आकार, लांबी अंदाजे ४० फूट. पंख नाहीत, शेपूट नाही, मागे धूर नाही. फ्रेव्हर विमान घेऊन खाली यायला लागले, तशी ती वस्तू वर यायला लागली. आणि मग क्षणात दिसेनाशी झाली. दुसऱ्या विमानातल्या वैमानिक अलेक्स डीट्रिच यांनीही ती पाहिली. थोड्या वेळाने तिथे गेलेल्या आणखी एका विमानाच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात काहीतरी रेकॉर्डही झालं.

डिसेंबर २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही गोष्ट जगासमोर आणली. एप्रिल २०२० मध्ये पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, हा आणि असेच आणखी दोन व्हिडिओ आपलेच असल्याचं सांगून अधिकृतपणे प्रसिद्ध केले. तेव्हापासून हे व्हिडिओ रील्समधून, व्हॉट्सअॅपमधून आणि यूट्यूबवरून फिरतायत.

सुरुवातीला चर्चा परग्रहवासीयांची होती. मग हळूहळू दुसरं एक उत्तर पुढे आलं, आणि ते ऐकायला बरंच शहाणपणाचं वाटतं. ते असं की, हे परग्रहावरून आलेलं काही नाही, हे कुठल्या तरी देशाने गुपचूप बनवलेलं यान आहे आणि त्याची सगळी जादू त्याच्या 'स्मार्ट मटेरियल'मध्ये आहे. आकार बदलणारा धातू, रडारला न दिसणारी कातडी, उष्णता लपवणारा थर वगैरे.

यातल्या बऱ्याच गोष्टी खरोखर अस्तित्वात आहेत. म्हणूनच हा दावा 'एलियन आले' म्हणून सोडून देता येत नाही. मग प्रश्न असा की, या मटेरियल्समुळे यूएफओचं नेमकं काय काय समजावून सांगता येतं आणि गाडी कुठे अडते?

स्मार्ट मटेरियल म्हणजे काय?

नाव भारी आहे, पण गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवायचा लायटर घ्या. त्यात ना बॅटरी, ना काडी. खटका दाबला की आतल्या खड्यावर जोरात आघात होतो आणि त्या दाबातूनच वीज तयार होऊन ठिणगी पडते. या गुणाला पिझोइलेक्ट्रिक म्हणतात. उन्हात गेल्यावर आपोआप काळी होणारी चष्म्याची काच हेही त्याच जातीतलं उदाहरण.

थोडक्यात काय, तर साधं लोखंड आहे तसं राहतं. स्मार्ट मटेरियल मात्र उष्णता, वीज, दाब, चुंबक किंवा प्रकाश मिळाला की ठरलेल्या पद्धतीने बदलतं. कुणी आकार बदलतं, कुणी रंग, कुणी ताठरपणा.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे निटिनॉल. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू. वाकवा, पिळा, मग गरम करा, तो आपल्या मूळ आकारात परत येतो. दात सरळ करायच्या तारांमध्ये आणि रक्तवाहिन्यांत बसवायच्या काही स्टेंटमध्ये तो वापरला जातो.

दुसरा प्रकार मेटामटेरियलचा. इथे जादू पदार्थात नसते, रचनेत असते. तांबं आणि प्लास्टिकसारख्या साध्या गोष्टींपासून अतिशय बारीक नक्षी केली जाते. त्या नक्षीमुळे रडारच्या किंवा प्रकाशाच्या लहरी निसर्गातल्या कुठल्याही पदार्थात वळणार नाहीत अशा वळतात.

यूएफओ करतात तरी काय?

आता दुसरी बाजू. अमेरिकेत सरकारी कागदांवर यूएफओऐवजी 'यूएपी' हा शब्द वापरतात. पेंटॅगॉनमधले माजी अधिकारी लुइस एलिझोंडो यांनी अशा वस्तूंची पाच लक्षणं सांगितली आणि ती जगभर प्रसिद्ध झाली.

१. पंख किंवा इंजिन दिसत नसताना हवेत तरंगणं.
२. अचानक प्रचंड वेग घेणं आणि तितक्याच अचानक दिशा बदलणं.
३. आवाजापेक्षा कितीतरी जास्त वेगाने जाऊनही ना धडाका, ना उष्णतेचा माग.
४. रडारला, कॅमेऱ्याला किंवा डोळ्यांना नीट न दिसणं.
५. हवेतून पाण्यात किंवा अवकाशात सहज जाणं.

ही यादी नीट वाचली तर तिचे दोन गट पडतात. काही लक्षणं वस्तू कशी दिसते याबद्दल आहेत, तर काही ती कशी हलते याबद्दल. सगळी गोम या फरकात आहे.

दिसण्याचा भाग: इथे स्मार्ट मटेरियल जोरात आहे

आधी रडारपासून लपण्याचं बघू. हे आता नवीन नाही. अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालं. विशिष्ट कोनांचा आकार आणि रडारच्या लहरी शोषणारा थर ही त्याची दोन हत्यारं होती. भारतातही हे काम चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआयटी कानपूरने 'अनालक्ष्य' नावाची मेटामटेरियलवर आधारित यंत्रणा सादर केली. रडारच्या लहरी मोठ्या पट्ट्यात शोषून घ्यायच्या, म्हणजे झाकलेली वस्तू रडारला सापडणं अवघड होतं, असं तिचं तत्त्व आहे.

मग उष्णता. २०११ मध्ये बीएई सिस्टीम्स या कंपनीने 'अॅडॅप्टिव्ह' नावाचं तंत्रज्ञान दाखवलं. चिलखती गाडीवर षटकोनी फरशा बसवायच्या, आणि प्रत्येक फरशी विजेवर पटकन गरम किंवा थंड होणार. त्यामुळे इन्फ्रारेड कॅमेऱ्यात ती गाडी आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जाते, किंवा चक्क साधी मोटार असल्यासारखी दिसते.

अदृश्य होण्याचं काय? २००६ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी लहरींना वस्तूभोवतून वळवून नेण्याचं गणित मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने एक छोटं तांब्याचं नळकांडं मायक्रोवेव्हपासून बऱ्यापैकी लपवून दाखवलं. बातम्या आल्या, 'हॅरी पॉटरचा झगा तयार'. प्रत्यक्षात तो झगा फक्त एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीला चालत होता. डोळ्यांना नळकांडं व्यवस्थित दिसत होतं.

आणि पंख? तिथेही बरीच प्रगती आहे. नासाने आकार लक्षात ठेवणारा मिश्रधातू वापरून उडत्या ड्रोनच्या पंखांची टोकं हवेतच दुमडून दाखवली. ब्रिटनमध्ये २०१९ साली 'मॅग्मा' नावाचं ड्रोन पंखांवरचे हलते भाग न वापरता, फक्त हवेचे झोत सोडून वळवण्यात आलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पंखा आणि जेट नसलेलं, विजेने हवेतले कण ढकलून चालणारं छोटं विमान सुमारे ६० मीटर उडवलं. आवाज जवळजवळ नाही, धूर नाही.

म्हणजे पांढरीशुभ्र, सांधे न दिसणारी, धूर न सोडणारी, रडारवर मधूनच दिसणारी आणि मधूनच गायब होणारी वस्तू बनवणं आज अशक्य नाही. चौथ्या लक्षणापुरतं स्मार्ट मटेरियलचं उत्तर बरंच चालतं. पहिल्यापुरतं अर्धंमुर्धं चालतं.

हालचालीचा भाग: इथे गणित आडवं येतं

आता सगळ्यात गाजलेला आकडा घेऊ. 'प्रिन्सटन'वरच्या एका रडार कर्मचाऱ्याच्या सांगण्यानुसार, ती वस्तू २८ हजार फुटांवरून समुद्राजवळ अवघ्या ०.७८ सेकंदात आली. २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ केव्हिन नूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एन्ट्रॉपी' या नियतकालिकात हाच आकडा धरून हिशेब मांडला. तो हिशेब कॉलेजच्या भौतिकशास्त्रात बसतो, त्यामुळे कुणीही करून बघावा.

२८ हजार फूट म्हणजे साधारण साडेआठ किलोमीटर. अर्ध्या अंतरात वेग वाढवला आणि उरलेल्या अर्ध्यात ब्रेक लावला असं धरलं, तर मधल्या टप्प्यावर वेग येतो सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर. या वेगाने मुंबईहून पुण्याला सात सेकंदांत पोहोचता येईल. ध्वनीच्या वेगाच्या ६० पटींहून हे जास्त आहे. आणि वस्तूवर येणारा जोर? पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे ५,७०० पट, म्हणजे ५,७०० जी. लढाऊ विमानातला वैमानिक खास सूट घालून जेमतेम ९ जी सहन करतो, तेही काही सेकंदच.

अनेक व्हिडिओ इथेच थांबतात आणि म्हणतात, 'एवढा जोर कुठलंच मटेरियल सहन करू शकत नाही, म्हणजे हे या जगातलं नाही.' हे मात्र खरं नाही. तोफेतून सुटणाऱ्या दिशादर्शक गोळ्यांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दहा हजार जीपेक्षा जास्त धक्का सोसते आणि त्यानंतरही चालते. आत माणूस नसेल तर ५,७०० जीला टिकणारी घट्ट, भरीव वस्तू बनवता येते. मजबुतीचा प्रश्न सुटू शकतो.

न सुटणारा प्रश्न ऊर्जेचा आहे. ती वस्तू फक्त एक टन वजनाची होती असं समजू. तिला तो वेग द्यायला लागणारी ऊर्जा साधारण ५७ टन टीएनटीच्या स्फोटाइतकी येते, आणि ती ०.४ सेकंदांत द्यायची आहे. म्हणजे तेवढ्या वेळापुरती सरासरी ६०० गिगावॉट वीज. भारतातल्या सगळ्या वीज प्रकल्पांची मिळून स्थापित क्षमता आज ५०० गिगावॉटच्या आसपास आहे. हे सगळं ४० फुटांच्या एका गोळीत बसवायचं आणि पुढच्या ०.४ सेकंदांत तितकीच ऊर्जा ब्रेक लावताना कुठेतरी जिरवायची.

कुठलंही मटेरियल, कितीही स्मार्ट असलं, तरी ते आयती ऊर्जा तयार करत नाही. लायटरचा खडा ठिणगी देतो, कारण बोटाने खटका दाबलेला असतो. निटिनॉल सरळ होतो, कारण त्याला उष्णता मिळालेली असते. आणि त्याला तापायला आणि परत थंड व्हायला वेळ लागतो. अंगातला सदरा बदलला म्हणून पायात बळ येत नाही, तसंच हे आहे.

हवेचंही तेच. एसआर-७१ हे अमेरिकेचं हेरगिरी विमान आवाजाच्या तिप्पट वेगाने जायचं, तर त्याची कातडी शेकडो अंश तापायची. म्हणून ते बहुतांश टायटॅनियमचं बनवावं लागलं. साठपट वेगाने समुद्रसपाटीजवळची दाट हवा कापत जाणारी वस्तू उल्केसारखी पेटलेली दिसायला हवी. तिच्या धडाक्याने जवळची जहाजं हादरायला हवीत. आवाजाचा धडाका कमी करता येतो, पण तो मुख्यतः विमानाच्या आकाराने. नासाचं एक्स-५९ हे विमान त्यासाठीच बनवलंय, तेही आवाजाच्या साधारण दीडपट वेगासाठी.

यावर काही जण अमेरिकी नौदलाच्या नावावरचं एक पेटंट दाखवतात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिळालेल्या त्या पेटंटमध्ये, विद्युतभारित कवच जोरात कंप पावलं की यानाचं जडत्वच कमी होईल, असा दावा आहे. नौदलाने या कल्पनेच्या चाचण्याही केल्या, पण तसा परिणाम काही सिद्ध करता आला नाही. पेटंट मिळणं म्हणजे यंत्र चालणं नव्हे.

मग वैमानिक खोटं बोलतायत का?

नाही. प्रश्न खरेखोटेपणाचा नाहीच. वस्तू किती वेगाने गेली हे डोळा किंवा कॅमेरा थेट मोजत नाही. आधी ती किती लांब आहे हे कळावं लागतं. आकाशात आजूबाजूला झाड नाही, इमारत नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

पेंटॅगॉनने दिलेल्या तीन व्हिडिओंपैकी 'गो फास्ट' बघा. एक ठिपका समुद्राला लागून सुसाट पळताना दिसतो. नासाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मधल्या अहवालात व्हिडिओच्या स्क्रीनवरचेच आकडे घेऊन भूमिती मांडली. निष्कर्ष असा निघाला की, ती वस्तू समुद्राजवळ नव्हती, सुमारे १३ हजार फुटांवर होती आणि तिचा वेग ताशी सुमारे ४० मैल, म्हणजे ६५ किलोमीटरच्या आसपास होता. पळत होतं ते चित्रीकरण करणारं विमान. धावत्या एसटीतून जवळचा खांब मागे पळताना दिसतो, तसा प्रकार.

'हवेतून पाण्यात शिरणारी वस्तू' म्हणून प्रसिद्ध असलेला २०१३ चा प्युर्टो रिकोचा इन्फ्रारेड व्हिडिओ तर आपल्या विषयाच्या जास्तच जवळचा आहे. त्यात वस्तू समुद्रात बुडते, परत येते आणि तिचे दोन तुकडे होतात असं वाटतं. अमेरिकेने यूएपीच्या तपासासाठी २०२२ मध्ये 'ऑल-डोमेन अनोमली रिझोल्युशन ऑफिस', म्हणजे 'आरो', हे कार्यालय उघडलं. आरोच्या विश्लेषणानुसार वस्तू पाण्यात गेलीच नाही. त्या मुळात दोन वस्तू होत्या आणि वाऱ्यासोबत वाहत होत्या. ज्या क्षणी त्यांचं तापमान मागच्या समुद्राइतकं दिसलं, त्या क्षणी त्या इन्फ्रारेडमध्ये गायब झाल्या. बीएईच्या फरशा मुद्दाम जे करतात, तेच इथे निसर्गाने आपसूक केलं.

स्मार्ट मटेरियलचा खरा उपयोग कदाचित इथेच आहे. ते वस्तूला अशक्य वेग देऊ शकत नाही, पण मोजणाऱ्या यंत्राला अशक्य वेग दाखवू शकतं. समजा, एक वस्तू रडारवरून गायब झाली आणि त्याच वेळी दुसरी, वेगळ्या उंचीवरची वस्तू दिसायला लागली. रडारने दोन्ही ठिपके एकाच वस्तूचे मानले, तर कागदावर एकच वस्तू क्षणात कित्येक किलोमीटर खाली आलेली दिसेल. निमिट्झच्या वेळी असंच झालं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. त्या दिवसाची रडारची मूळ माहिती सार्वजनिक नाही. पण ०.७८ सेकंदांचा आकडा याच अडचणीमुळे पक्का धरता येत नाही. आणि ५,७०० जीचा सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे.

रॉस्वेलचा 'आठवणीचा धातू'

मटेरियल आणि यूएफओ यांची जोडी जुनीच आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या रॉस्वेलजवळ अवशेष सापडले. पुढे कित्येक वर्षांनी काही लोकांनी सांगितलं की, त्यातला चांदीसारखा कागद चुरगळला तरी आपोआप सरळ व्हायचा. निटिनॉलचा शोध त्याआधीच अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत लागला होता, आणि गोष्ट तयार झाली की, हा धातू तबकडीतूनच मिळाला.

ऐकायला मस्त. पण सोनं आणि कॅडमियमच्या मिश्रधातूतला असाच गुण स्वीडनच्या आर्ने ओलांडर यांनी १९३२ मध्येच नोंदवला होता, रॉस्वेलच्या १५ वर्षं आधी. आणि अमेरिकी हवाई दलाने १९९० च्या दशकात जाहीर केल्यानुसार, ते अवशेष 'प्रोजेक्ट मोगल'च्या फुग्याचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेण्यासाठी उंच सोडलेला हा गुप्त फुगा होता. त्याला चमकदार कागद आणि हलक्या लाकडाच्या काड्यांचे रडार परावर्तक लटकवलेले असत.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. मॅग्नेशियम आणि बिस्मथचे थर असलेला एक तुकडा अनेक वर्षं 'तबकडीचा तुकडा' म्हणून प्रसिद्ध होता. तो विशिष्ट लहरींना वाट देणारं मेटामटेरियल आहे आणि त्यामुळे यान हवेत उचललं जातं, असा दावा होता. अमेरिकी लष्कराने त्याच्या अभ्यासासाठी २०१९ मध्ये एका खासगी संस्थेशी करारही केला. शेवटी आरोने तो ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून तपासून घेतला. जुलै २०२४ मध्ये निकाल आला. मॅग्नेशियमचा हा मिश्रधातू पृथ्वीवरचाच. लहरींना वाट द्यायची तर बिस्मथचा थर ज्या प्रकारचा असावा लागतो, तसा तो नव्हता.

म्हणजे मटेरियल हातात आलं की उत्तर मिळतं. महाराष्ट्राने हे २०२२ मध्ये स्वतः पाहिलंय. २ एप्रिलच्या संध्याकाळी विदर्भापासून खानदेशापर्यंत आकाशात जळत जाणारी रांग दिसली. फोन बाहेर निघाले आणि तर्कांना ऊत आला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात साधारण तीन मीटर व्यासाची धातूची कडी पडली. आजूबाजूच्या भागात गोळेही सापडले. पडलेल्या भागांवरून आणि कक्षेच्या हिशेबावरून तज्ज्ञांनी ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं सांगितलं. निमिट्झच्या बाबतीत असा एकही तुकडा कुणाच्या हाती नाही.

'गुप्त विमान' ही शक्यता किती खरी?

या बाजूला इतिहासाचा चांगला आधार आहे. यू-२ हे हेरगिरी विमान १९५५ मध्ये उडायला लागलं. प्रवासी विमानं तेव्हा २० हजार फुटांच्या आतबाहेर उडायची आणि हे ६० हजारांच्या वर. सुरुवातीच्या यू-२ ची चकचकीत चंदेरी कातडी, खाली अंधार पडल्यावरही वर सूर्यप्रकाशात झळकायची. लोक तक्रारी करायचे की, आकाशात आगीचा गोळा दिसला. सीआयएच्या १९९७ मधल्या एका लेखात तर असा दावा आहे की, १९५० च्या दशकाचा शेवट आणि १९६० च्या दशकातल्या निम्म्याहून जास्त यूएफओ नोंदी अशा हेरगिरी विमानांच्या होत्या. निम्म्याहून जास्त हा आकडा अनेक अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, पण मूळ गोष्ट नाकारली जात नाही.

यात लोकांना गोंधळवलं ते कातडीच्या चमकेने. विमान मात्र भौतिकशास्त्राच्या नियमातच उडत होतं.

सरकारांनाही हा गोंधळ सोयीचा असतो. जून २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली की, १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याने एरिया ५१ जवळच्या एका बारमालकाला उडत्या तबकड्यांचे बनावट फोटो दिले होते. तिथे तेव्हा स्टेल्थ विमानांवर काम चालू होतं. लोकांनी तबकड्यांची चर्चा करावी आणि विमानाकडे दुर्लक्ष व्हावं, हा हेतू.

पण टिक टॅकला हे जसंच्या तसं लावता येत नाही. एफ-११७ पहिल्या उड्डाणानंतर सात वर्षांनी, १९८८ मध्ये, जगाला दाखवावं लागलं. एक-दोन वर्षांत ते युद्धातही दिसलं. २००४ मध्ये कुणाकडे ६०० गिगावॉटचं यान असतं, तर वीस वर्षांत त्याचा एखादा अंश कुठल्यातरी युद्धात, रॉकेटमध्ये किंवा वीज प्रकल्पात दिसला असता. आज युद्धं चालतायत ती स्वस्त ड्रोनवर.

मग यात महत्त्वाचं काय?

जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ नोंदी होत्या. त्यातली फक्त एक खात्रीने सुटली आणि तो निघाला हवा गेलेला फुगा. १८ घटनांमध्ये हालचाल विचित्र वाटली होती. पण त्याच अहवालातली एक ओळ फारशी व्हायरल झाली नाही. वैमानिकांनी अशा वस्तूंशी टक्कर होता होता वाचल्याच्या ११ घटना सांगितल्या होत्या. वस्तू परग्रहावरची असो, चिनी असो किंवा नुसता फुगा असो, विमानाला धडकली तर परिणाम एकच.

फेब्रुवारी २०२३ चा चिनी फुगा आठवा. ६० हजार फुटांवरून तो जवळजवळ संपूर्ण अमेरिका ओलांडून गेला आणि ४ फेब्रुवारीला पाडला गेला. त्यानंतर अमेरिकी लष्कराने रडारची गाळणी बदलली, कारण संथ आणि लहान वस्तू पक्षी समजून वगळल्या जात होत्या. गाळणी बदलताच नव्या वस्तू दिसायला लागल्या आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन पाडल्या गेल्या. आकाश तेच होतं, बघण्याची पद्धत बदलली होती. भारतातही १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली म्हणून काही तास विमानसेवा थांबवावी लागली आणि हवाई दलाची राफेल विमानं शोधासाठी पाठवली गेली.

आरोच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात सुमारे वर्षभरात मिळालेल्या ७५७ नोंदी आहेत. सुटलेल्यांमध्ये फुगे, पक्षी, ड्रोन आणि उपग्रह. २१ नोंदी मात्र आणखी तपासाव्यात अशा आहेत. परग्रहवासीयांचा पुरावा सापडलेला नाही, हे आरोने स्पष्ट सांगितलंय. आणि बऱ्याच नोंदी पुरेशी माहितीच नसल्यामुळे पडून आहेत, हेही.

त्यामुळे पुढच्या वेळी 'हे यान स्मार्ट मटेरियलचं आहे' असं सांगणारं रील समोर आलं तर तीन गोष्टी बघा. दावा दिसण्याचा आहे की हालचालीचा? दिसण्याचा असेल तर तो खरा असू शकतो, तशी मटेरियल्स आहेत. हालचालीचा असेल तर अंतर कुणी आणि कसं मोजलं? आणि तेवढी ऊर्जा आली कुठून? तिसऱ्या प्रश्नाला 'मटेरियलमधून' असं उत्तर मिळालं, तर तिथे काहीतरी गडबड आहे.

टिक टॅक नेमकं काय होतं, हे आजही उघडच आहे. फ्रेव्हर आणि डीट्रिच यांनी काहीतरी पाहिलं, यावर फारसं दुमत नाही. ते कोडं सुटायचं असेल तर त्या दिवसाची रडारची मूळ माहिती बाहेर यावी लागेल. नव्या धातूच्या गोष्टींनी ते सुटणार नाही.